अधिकार आणि चारित्र्य : ना. वा. टिळक व बिशप अझरिया

ख्रिस्ती मंडळीच्या पुढाऱ्याची लक्षणे सांगणारा सर्वांत परिचित उतारा नव्या करारात, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आढळतो. अध्यक्ष संयमी, अतिथिप्रिय, शिकविण्यात निपुण, भांडणापासून व द्रव्यलोभापासून दूर असावा, अशी तेथे अपेक्षा आहे. वक्तृत्वापेक्षा स्वभावाला दिलेले हे महत्त्व लक्षणीय होय. वसाहतकालीन भारतात या गुणांना एक नवी कसोटी लागली. मंडळीचा पैसा आणि अधिकार बहुतांशी परदेशी मिशनांच्या हाती होता व पुष्कळ एतद्देशीय पुढारी त्यांचे वेतनदार होते. अशा स्थितीत पुढाऱ्याचे चारित्र्य कशावरून ओळखावे, या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आणि बिशप वेदनायगम सॅम्युएल अझरिया (१८७४–१९४५) यांच्या चरित्रांत मिळतात.

१८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतल्यावर टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ सेवा केली. अभंग, ओवी आणि कीर्तन यांच्याद्वारे त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला देशी रूप दिले. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला; बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते. त्यांचा त्याग मोठा होता, परंतु ते निर्दोष नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांच्या औदार्याबरोबरच तापटपणा आणि पैशांविषयीची बेफिकिरीही दिसते. त्या बेफिकिरीची झळ संसाराला, विशेषतः लक्ष्मीबाईंना, सोसावी लागली. घर नीट चालविणे हेही पुढाऱ्याचे लक्षण म्हणून त्याच अध्यायात सांगितले असल्याने, ही साक्ष टिळकांच्या मूल्यमापनात वगळता येत नाही.

अझरियांचा मार्ग वेगळा होता. १९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी परदेशी मिशनऱ्यांच्या त्यागाचा गौरव केला; मात्र त्यांच्याकडून मैत्रीचीही मागणी केली. ही मागणी अनेक श्रोत्यांना रुचली नाही. तरीही त्यांनी संस्था सोडली नाही. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्यास त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन मंडळीचे ते पहिले भारतीय बिशप होत. तमिळभाषक असूनही त्यांनी तेलुगू आत्मसात केली आणि निजामाच्या राज्यातील दोर्णकल हे आपले केंद्र केले. त्यांच्या मंडळीत माला व मादिगा या दलित जातींतील गरीब ग्रामस्थ बहुसंख्य होते. स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढण्याची प्रथा तेथे रुजली. दान देणारा केवळ आश्रित राहत नाही, ही जाणीव तिच्यामागे होती.

टिळकांनी वेतन सोडून स्वातंत्र्य मिळविले; अझरियांनी पद स्वीकारून मंडळीला स्वावलंबनाकडे नेले. पहिल्या मार्गात निर्भयता होती, पण टिळक दोनच वर्षांत निवर्तल्याने दरबाराची घडी पक्की बसू शकली नाही. दुसऱ्या मार्गात चिकाटी होती. ज्या दक्षिण भारतीय चर्च-ऐक्यासाठी १९१९ पासून अझरिया झटले, ते त्यांच्या निधनानंतर १९४७ मध्ये साकार झाले. दोघांनीही अधिकाराला खासगी मालमत्ता मानले नाही. तीमथ्याच्या पत्रातील निर्लोभतेचा अर्थ म्हणूनच केवळ पैशापुरता मर्यादित राहत नाही. सत्तेचा लोभ नसणे हाही त्याचाच भाग होय, आणि पराधीन मंडळीत तोच गुण सर्वांत दुर्मीळ व सर्वांत आवश्यक ठरला.