इंजिनाला धरून ठेवणारं यंत्र

मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याची डायनॅमोमीटरशी पहिली ओळख बहुधा कॉलेजच्या प्रयोगशाळेतच होते. संथ चालणारं डिझेल इंजिन, ब्रेक ड्रमभोवती गुंडाळलेला दोर, स्प्रिंग बॅलन्स आणि जर्नलमध्ये भरायचा तक्ता. यांतलेच काही जण पुढे फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसिंग कार स्पर्धेसाठीच्या टीममध्ये जातात आणि एका वर्षी टीमला स्वतःचा डायनॅमोमीटर, म्हणजे डायनो, हवा असतो. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे.

विषय जुना आहे. प्रोनी यांनी फ्रान्समध्ये १८२१ साली घर्षणाचा ब्रेक वापरला, तर विल्यम फ्रूड यांनी १८७७ साली ब्रिटिश नौदलाच्या मोठ्या इंजिनांसाठी पाण्याचा. तत्त्व मात्र आजही तेच: इंजिन ब्रेकला फिरवू पाहतं, आपण त्याला एका भुजेने अडवतो आणि त्या भुजेवरचं बल मोजतो. म्हणजे मोजला जातो तो टॉर्क. किलोवॉट नंतर, न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून आणि ९५४९ने भागून मिळतात.

नव्या टीमचा पहिला प्रश्न असतो, ‘किती हॉर्सपॉवर आली?’ हा प्रश्न डायनो निवडायला पुरत नाही. स्पर्धेच्या नियमानुसार पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधून यावी लागते. त्याच्या घशात हवेने ध्वनीचा वेग गाठला की सेकंदाला साधारण ७५ ग्रॅमच्या वर हवा जातच नाही. आपल्याकडच्या अनेक टीम चाकणला बनणारं केटीएमचं ३७३ सीसीचं इंजिन वापरतात. ९००० फेऱ्यांना त्याची सरासरी गरज सेकंदाला ३३ ग्रॅमच्या आसपास. कागदावर रिस्ट्रिक्टर आडवा यायलाच नको! पण एकच सिलिंडर चारांपैकी एकाच स्ट्रोकमध्ये श्वास घेतो आणि त्या क्षणी त्याची मागणी जवळपास चौपट होते. ती भागवायला मध्ये हवेचा साठा करणारा प्लेनम लागतो. तो लहान पडला तर वरच्या फेऱ्यांना दम जातो, फार मोठा झाला तर थ्रॉटलला प्रतिसाद मंदावतो. गणिताने सुरुवातीचं माप मिळतं, पुढचं इंजिनालाच विचारावं लागतं.

इथे इनर्शिया डायनोची मर्यादा कळते. जड ड्रम, त्याच्या वेगवाढीवरून टॉर्क, खर्च कमी आणि तो कॉलेजच्या वर्कशॉपमध्येही बनतो. पूर्ण थ्रॉटलवर दोन इनटेकची तुलना करायला तो उत्तम आहे. पण सगळी धाव काही सेकंदांत संपते. मॅपिंगला, म्हणजे ईसीयूचा (इंजिन नियंत्रकाचा) तक्ता भरायला, हवी असते स्थिरता. ईसीयूचा तक्ता १६ बाय १६ असेल तर २५६ घरं होतात. अर्ध्या थ्रॉटलवर ५००० फेऱ्यांना इंजिन रोखून धरायचं, लॅम्डा (हवा-इंधन प्रमाण) स्थिरावू द्यायचा, मग पुढच्या घरात जायचं. आंतरराष्ट्रीय फॉर्म्युला एसएई नियमांत १००० पैकी २७५ गुण सुमारे २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्सला आणि १०० इंधन-कार्यक्षमतेला आहेत. ट्रॅफिक कोन मांडून आखलेल्या वळणावळणाच्या ट्रॅकवर ड्रायव्हरचा बराच वेळ अर्धवट थ्रॉटलवर जातो, आणि तिथलं मॅपिंग कच्चं असेल तर कमाल हॉर्सपॉवरचा आकडा कामाला येत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नव्या इनर्शिया डायनोपेक्षा चांगला सेकंडहँड एडी करंट डायनो घ्या, तो चुंबकीय ब्रेकने इंजिन हव्या त्या फेऱ्यांना रोखून धरतो. इंजिनाला स्वतः फिरवूही शकणारे एसी डायनो सरस असतात, पण विद्यार्थ्यांच्या बजेटमध्ये ते क्वचितच बसतात.

एडी करंट घेताना माहितीपत्रकावरचा कमाल किलोवॉटचा आकडा बाजूला ठेवून टॉर्क आणि फेऱ्यांचा आलेख मागून घ्या. मोटरसायकलच्या इंजिनात गिअरबॉक्स त्याच केसिंगमध्ये असतो. शक्ती स्प्रॉकेटवरून घ्यावी लागते आणि तिथे फेरे घटलेले, टॉर्क वाढलेला असतो. कमी फेऱ्यांना एडी करंटची पकड सैल पडते, म्हणून प्रत्येक गिअरची रेषा त्या आलेखावर आखून पाहायला हवी. पाण्याचाही हिशोब करा. ३० किलोवॉट सतत शोषायचे आणि पाणी २० अंशांनीच तापू द्यायचं, तर मिनिटाला २१-२२ लिटर लागतात. गच्चीवरच्या टाकीच्या भरवशावर हे फार वेळ चालत नाही.

आकड्यांवर विश्वास कॅलिब्रेशनने बसतो. अर्ध्या मीटरच्या भुजेवर १० किलोचं वजन टांगलं की ४९ न्यूटन-मीटर दिसायला हवेत. वजनं चढवत नेताना आणि उतरवत आणताना, दोन्ही वेळा. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तिथल्या हवेचा दाब मुंबईपेक्षा सहाएक टक्क्यांनी कमी. त्यामुळे दुरुस्ती न केलेले दोन शहरांतले आकडे शेजारी मांडू नयेत.

आणि शाफ्ट. सिंगल सिलिंडरचा धक्का दर दोन फेऱ्यांनी एकदा येतो. कपलिंगची लवचिकता चुकली तर अनुनाद ऐन कामाच्या फेऱ्यांत येतो आणि शाफ्ट तुटतो. रबर कपलिंग, शाफ्टवर जाड पोलादी गार्ड, धूर बाहेर नेणारा पंखा आणि खोलीबाहेर ठेवलेली इंधनाची टाकी यांचा खर्च डायनोच्याच किमतीत धरा. तेवढे पैसे नसतील तर यंदा एखाद्या टेस्ट बेडवर तासाच्या भाड्याने काम करा, खरेदी पुढच्या वर्षी.