चौथा क्रमांक

मुलांस संगीत शिकविणाऱ्या आईबापांनीं ही हकीकत अवश्य वाचावी.

जिनेत नेव्हो हिचा जन्म ११ ऑगस्ट १९१९ रोजीं पॅरिस येथें झाला. सेंट सल्पिस चर्चांत साठांहून अधिक वर्षें ऑर्गन वाजविणारे विडोर हे तिचे आप्त. व्हायोलिनचे पहिले धडे आईनें दिले, आणि सातव्या वर्षीं तिनें पॅरिसच्या श्रोत्यांपुढें ब्रुखचा कॉन्चेर्टो वाजविला.

१९३१ सालीं व्हिएन्ना येथील स्पर्धेंत ती चौथी आली. परंतु तिचें वादन ऐकून थोर गुरु कार्ल फ्लेश यांनीं तिला विनामूल्य शिकविण्याची तयारी दर्शविली. तरी घरच्या परिस्थितीमुळें दोन वर्षें तिला जातां आलें नाहीं. पुढें ती गेली, तेव्हां 'ही स्वर्गीय देणगी आहे, तिला मी हात लावणार नाहीं, तंत्राविषयीं तेवढा सल्ला देईन,' अशा आशयाचे उद्गार गुरूंनीं काढल्याचें सांगतात.

१९३५ सालीं वॉर्सा येथील व्हिएन्याव्स्की स्पर्धेंत पंधरा वर्षांची जिनेत पहिली आली. तिच्याहून सुमारे अकरा वर्षांनीं वडील असलेला रशियाचा डेव्हिड ऑइस्त्राख दुसरा आला.

२८ ऑक्टोबर १९४९ रोजीं अझोर्स बेटांवर विमान कोसळून ती व पियानोवादक बंधु झां मृत्यु पावलीं. तिचें वय अवघें तीस होतें.

लेंकराच्या पहिल्या अपयशानें खचणाऱ्यांनीं व्हिएन्नाचा तो चौथा क्रमांक आठवावा.