थीम बदलली आणि मराठी गेली

दिग्रसच्या आमच्या सरांची जुनी वेबसाइट मोबाइलवर नीट दिसावी, एवढंच काम होतं. २००३ च्या सुमारास कुणीतरी बनवून दिलेली. गावचा बाजार, जिनिंग, जुन्या शाळा यांवर सरांनी लिहिलेले चाळीसेक लेख. मी पुण्यात एका रात्री बसून सगळा मजकूर नव्या थीममध्ये टाकला. सकाळी सरांचा फोन.

"बाबू, माझं मराठी कुठं गेलं?"

उघडून बघतो तर ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरांच्या, मधेच कंस, डॉलर, टक्के.

खरं तर असं होऊ नये म्हणूनच स्टाइल शीट आली. ऑक्टोबर १९९४ मध्ये सर्नमध्ये काम करणाऱ्या होकोन विउम ली यांनी कल्पना मांडली: मजकूर एकीकडे ठेवा, तो दिसावा कसा ते दुसरीकडे लिहा. पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत झाली. इंजिनिअरिंगला आम्ही हेच घोकलं होतं. थीम म्हणजे कपडे. बदलले तरी माणूस तोच.

मराठीचा माणूस मात्र कपड्यांनाच शिवलेला होता. 'शिवाजी'सारख्या त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. फाइलमध्ये साठायचं इंग्रजी अक्षर, पडद्यावर दिसायचं मराठी. पानावरून फॉन्टचं नाव काढलं की मागे उरतो नुसता कचरा. नव्या थीमने नेमकं तेच केलं होतं.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण विंडोजसोबत मंगल फॉन्ट आला तो विंडोज २००० मध्ये, आणि घरोघरी तर विंडोज ९८ चालू होतं. त्यामुळे वाचकाने आधी फॉन्ट उतरवायचा, मग पान वाचायचं. काही साइट फॉन्ट पानासोबतच पाठवत. त्यातही नेटस्केपला एक फाइल, इंटरनेट एक्सप्लोररला दुसरी. आज आपण याला जुगाड म्हणून हसतो. मला हसवत नाही. सगळं सुरळीत होण्याची वाट बघत बसले असते, तर सरांचे लेख इंटरनेटवर आलेच नसते.

मग दोन शनिवार-रविवार गेले. कोणतं इंग्रजी अक्षर म्हणजे कोणतं मराठी, याचा तक्ता करून प्रोग्राम लिहिला. पहिल्याच फेरीत 'वर्ग'चा 'वगर्' झाला. जुन्या फॉन्टमध्ये रफार दिसतो त्या क्रमाने, अक्षरानंतर टाइप करत. युनिकोडला तो आधी लागतो. ऱ्हस्व वेलांटीचं नेमकं उलटं, ती आधी टाइप केलेली, युनिकोडमध्ये नंतर. तेवढ्यासाठी वेगळे नियम लिहिले. काही शब्द तरीही जुळेनात, ते सरांनीच फोनवर एकेक करून सांगितले. त्यांच्याकडे हस्तलिखितं होती, नशीब.

शेवटी लेख उघडले. थीमच्या शीर्षकांत अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडलेली, इंग्रजीत ती ऐटदार दिसते, आपली शिरोरेषा मात्र तुटते. ती काढली. ओळींमधलं अंतर वाढवलं, कारण वरच्या मात्रा कापल्या जात होत्या.

"आता दिसतंय," सर म्हणाले. "पण अक्षर जरा मोठं कर ना बाबू, चष्मा लावूनही लागत नाही."

स्टाइल शीटमध्ये एक आकडा बदलला. चाळीसही लेखांतलं अक्षर मोठं झालं.