मधला माणूस : नांदेड-लातूरच्या माध्यमजीवनाकडे वळणाऱ्यांसाठी प्रस्तावना

मरणाची बातमी गावाबाहेर कोण नेत असे, या प्रश्नापासून हा विषय शिकायला घ्यावा, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. ते आधी गोंधळतात. माध्यमांचा अभ्यास म्हणजे टीव्ही, मोबाईल, फार तर वर्तमानपत्र, एवढ्या तयारीने ते आलेले असतात. पण मुखेड, कंधार किंवा अहमदपूरकडच्या ऐंशीच्या घरातल्या एखाद्या आजोबांसमोर बसून हा प्रश्न विचारून बघावा.

जुन्या गावात हे काम महारवाड्यातल्या माणसाच्या वाट्याला लावलेलं होतं. रात्र असो, झड लागलेली असो, मन्याड नदीला पूर असो, लेकीच्या सासरी, व्याह्यांच्या गावी निरोप त्यानेच न्यायचा. पाच-सात कोस चालत जायचं, दारात पोचलं तरी उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगायचं आणि भाकरतुकडा मिळाला तर घेऊन परत फिरायचं. 'नाही' म्हणायची सोय नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ सालचा, तोही ब्रिटिश मुलखातला. तरी बलुत्याची ती चौकट निजामाच्या मुलखातल्या माणसालाही ओळखू येते. बातमी पोचवणं हे एके काळी जातीने बांधलेलं काम होतं, ही गोष्ट माध्यमांच्या पाठ्यपुस्तकात सहसा नसते. आमच्याकडे ती पहिल्या पानावर हवी.

पुढे पोस्टाचं कार्ड आलं. कोपरा फाडलेलं कार्ड दिसलं की वाचता न येणाऱ्या बाईलाही कळायचं, पण कोण गेलं हे कळायला मास्तर किंवा पोस्टमन लागायचा. मग तार. तार आली म्हटलं की आधी घरात रडारड सुरू व्हायची, मजकूर नंतर. ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद पडली तेव्हा फारसं कुणाला काही वाटलं नाही, कारण तोवर एसटीडी बूथ येऊन, चालून, जायच्या मार्गाला लागला होता. बूथवाल्याला अख्ख्या गल्लीचं गुपित माहीत असे : कुणाचा मुलगा पुण्याहून पैसे पाठवत नाही, कुणाच्या सोयरिकीचं कुठे अडलंय. आता फोटोभोवती हार काढून 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं भावकीच्या ग्रुपवर पडतं. तरीही जावयाला, व्याह्यांना, बाईच्या माहेरी वेगळा फोन करावाच लागतो. 'आम्हाला ग्रुपवर कळलं' हे वाक्य पुढे दहा वर्षं लग्नाकार्यात ऐकावं लागतं.

या सगळ्या पिढ्यांमध्ये यंत्र बदललं. त्याच्या आणि घराच्या मध्ये उभा असलेला माणूस मात्र गेला नाही, फक्त त्याचा चेहरा बदलत राहिला. या अभ्यासाचं मुख्य काम मला हे वाटतं : तो मधला माणूस शोधायचा. वर्तमानपत्र हॉटेलात एक जण मोठ्याने वाचायचा आणि दहा जण ऐकायचे. रेडिओ ग्रामपंचायतीत किंवा पाटलाच्या वाड्यात. टीव्ही शेजाऱ्याकडे, आणि दार उघडायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर. किती घरांत मोबाईल आहेत हे जनगणनेवाले मोजतील. तो कुणाच्या खिशात असतो, रिचार्ज कोण मारतं, आजीला कोण लावून देतं, हे कुणी तरी तिथे बसूनच पाहावं लागतं.

बाहेरच्या अभ्यासांपैकी इथे फार उपयोगी पडणारा एक इराणमधला आहे, हे ऐकून विद्यार्थी चकित होतात. वास्तविक इराण आपल्याला इतका परका नसावा. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दरबारचा कारभार फारसीत चाले, आणि तहसील, फिर्याद, जमीन, दस्त हे शब्द आपण रोज वापरतो. तो अभ्यास इराणच्या क्रांतीबद्दलचा आहे. १९७८ मध्ये तिथल्या राजाच्या, शाहच्या हातात रेडिओ होता, टीव्ही होता. त्याच्याविरुद्ध उभे राहिलेले धर्मगुरू खोमेनी पॅरिसजवळच्या नोफ्ल-ल-शातो नावाच्या खेड्यात. त्यांची भाषणं टेपवर जात, इराणमध्ये त्यांच्या नकला निघत आणि कॅसेटी हातोहात फिरत. अ‍ॅनाबेल स्रेबर्नी-मोहम्मदी आणि अली मोहम्मदी यांचं या विषयावरचं पुस्तक १९९४ मध्ये आलं. त्यातून घेण्यासारखं एवढंच की कॅसेट एकटी कुठे गेली नाही. मशिदी आणि बाजार यांचं पिढ्यांचं जाळं होतं, त्यावरून ती गेली. तंत्रज्ञानाने क्रांती केली असं सांगणाऱ्या प्रत्येकाला हे पुस्तक वाचायला द्यावं.

त्याच १९७८ सालचा मराठवाडा पाहा. २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि खेड्यापाड्यांतल्या दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा खून झाला. त्या काळी बहुतेक गावांत साधा टेलिफोनही नव्हता. मग द्वेष गावोगाव गेला कसा? एसटीने, आठवडी बाजाराने, कॉलेजच्या पोरांबरोबर, छापलेल्या आणि न छापलेल्या मजकुराने. आज प्रत्येक दंगलीचं खापर मोबाईलवर फोडणाऱ्यांनी या प्रश्नाला उत्तर द्यावं. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मधल्या सोळा वर्षांत कॅसेटी इथेही आल्या. आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डकांची गाणी वस्तीवस्तीत वाजली, आंबेडकर जयंतीला कर्ण्यावरून गावभर ऐकू गेली. पीटर मॅन्युएल यांच्या 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात (१९९३) उत्तर भारतातल्या कॅसेटींचा धांडोळा आहे. आपल्याकडच्या भीमगीतांच्या कॅसेटी कुणी भरल्या, कुणी विकल्या, कर्णा कुणी भाड्याने दिला आणि कुणी नाकारला, याची नोंद गावागावांत जाऊन करता येईल. ती माणसं आता साठी-सत्तरीत आहेत.

रेडिओचा इतिहास थोडक्यात आटोपतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची शरणागती हैदराबादच्या रेडिओवरून जाहीर झाली, पण आपण मुक्त झालो हे बहुतेक खेड्यांना माणसांच्या तोंडूनच कळलं. आकाशवाणीचं परभणी केंद्र १९६८ मध्ये सुरू झालं. उपग्रहाद्वारे खेड्यांत टीव्ही नेण्याचा १९७५-७६ चा सरकारी प्रयोग सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता, सीमेपलीकडचं गुलबर्गा होतं. वृत्तपत्रांच्या बाबतीत नांदेडचा 'प्रजावाणी' आणि लातूरचा 'एकमत' यांचे जुने अंक चाळल्याशिवाय कुणी लिहायला बसू नये. पहिल्या पानापेक्षा आतल्या जाहिराती, दशक्रियेच्या सूचना आणि 'हरवला आहे'चे फोटो अधिक शिकवतात.

आपला मुलूख स्वतःच बातमी होतो तेव्हा काय घडतं, हे पाहायला लातूरइतकी जागा दुसरी नाही. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चारला काही मिनिटं कमी, आणि किल्लारीचा भूकंप. हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. नंतर गावं नव्या जागी वसवली गेली : सरळ रस्ते, लांब-लांब घरं, आखलेले प्लॉट. जुन्या गावात मारुतीच्या पारावर बसलं की सगळ्या गल्ल्यांची खबर आपोआप मिळे. नव्या गावात पार कुठे आला, बायका पाण्याला कुठे भेटल्या, संध्याकाळ टीव्हीसमोर गेली का? घराची रचना बदलली की बातमीची वाट बदलते, हे तपासायला याहून मोठा दाखला महाराष्ट्रात मिळणार नाही. किर्क जॉन्सन यांनी साताऱ्याच्या डोंगरातल्या दोन गावांत राहून टीव्हीवर पुस्तक लिहिलं (२०००). ते जरूर वाचावं, मात्र पाचगणीजवळचं गाव आणि मांजरा-तेरणाकाठचं उठवून वसवलेलं गाव यांना एकच माप लावू नये.

दुसरा प्रसंग २०१६ च्या पाणीटंचाईचा. मिरजेहून पाण्याची रेल्वे १२ एप्रिलला लातूरला पोचली. पहिल्या फेरीत दहा वॅगन, पाच लाख लिटर पाणी. देशभरचे कॅमेरे स्टेशनवर होते, श्रेयाचे फलकही होते. त्याच दिवसांत शहरातल्या माणसाला लागणारी खरी बातमी वेगळीच होती : टँकर कुठल्या गल्लीत शिरलाय? ती प्रभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, नगरसेवकाच्या पोरांकडून, टँकरच्या ड्रायव्हरशी ओळख असलेल्याकडून मिळे. ज्याच्याकडे नंबर होता त्याची घागर पुढे. 'जलदूत' म्हटल्या गेलेल्या त्या रेल्वेचे फोटो भरपूर आहेत. त्या ग्रुपांवरचे मेसेज कुणी जपून ठेवले असतील तर पुढच्या संशोधकाने त्यांच्या पाया पडावं.

परीक्षांच्या तयारीच्या 'लातूर पॅटर्न'बद्दल इतकं लिहून झालं आहे की मी दोनच गोष्टी सांगतो. ट्यूशन एरियात फिरताना वर बघा, गुणांसकट मुलामुलींचे चेहरे दिसतात. इतक्या मोठ्या आकारात इथे पूर्वी फक्त पुढारी आणि सिनेमाचे नट दिसत. आणि खाली, मेसच्या रांगेत, बटणाचा फोन असलेली मुलं बघा. फिजिक्सचं लेक्चर यूट्यूबवर आणि घरचा फोन मात्र बटणांवर, अशी विभागणी पालकांनी केली आहे. ती किती टिकते हे वसतिगृहाच्या खोलीत रात्री अकरानंतर कळतं.

आता सरकारी अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्राकडे येऊ, कारण आजचा मधला माणूस तिथे बसतो. नांदेड जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, तहसीलसमोरच्या दहा बाय दहाच्या गाळ्यात, एक संगणक, एक अंगठ्याचं यंत्र, एक झेरॉक्स आणि बाहेर चपलांचा ढीग. मुख्यमंत्री लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली, महिन्याला १५०० रुपये, तेव्हा या गाळ्यांवर बायकांच्या रांगा लागल्या. बाई आत येते, पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आधार काढते. मुलगा कीबोर्डवरून नजर न काढता विचारतो, "मावशी, ओटीपी आला का?" मावशीचा मोबाईल तिच्याकडे नसतोच. आधारला जोडलेला नंबर थोरल्याचा, आणि थोरला चाकणला कंपनीत. त्याला फोन लावायचा, तो शिफ्टमध्ये. तोवर वेळ संपून ओटीपी बाद. पुढे ई-केवायसीत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही मागितलं गेलं, तेव्हा विधवा आणि टाकलेल्या बायकांची काय गत झाली ते त्याच गाळ्यांतून बघायला मिळालं. पैसे बाईच्या खात्यात येतात ही गोष्ट मोठी आहे, मी ती उणी लेखत नाही. मेसेज मात्र पोराच्या फोनवर वाजतो. कधी तो आईला लगेच सांगतो, कधी दोन दिवसांनी.

शेतातही तेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, म्हणजे शेतकऱ्याने बांधावर उभं राहून स्वतः सोयाबीनचा फोटो काढून भरायचा. किनवट-माहूरच्या डोंगरात रेंज नसते, आणि साठीच्या शेतकऱ्याला अ‍ॅप चालत नाही. म्हणून गावातला एखादा पोरगा मोटारसायकलवर फिरून दहा जणांची पाहणी करतो, पेट्रोलचे पैसे घेतो. तलाठ्याच्या दारात उभं राहायचं कमी झालं. या पोराची मर्जी सांभाळायचं सुरू झालं. त्याची जात कुठली, तो कुणाच्या गटाचा, पीक विम्याची तक्रार ७२ तासांच्या आत करावी लागे तेव्हा तो आधी कुणाच्या शेतात जाई, हे प्रश्न मला संगणक साक्षरतेच्या टक्केवारीपेक्षा मोलाचे वाटतात.

सीमेचा भाग विसरू नका. देगलूर, धर्माबाद, बिलोली, उदगीर इथल्या घरांत एकाच संध्याकाळी मराठी मालिका, तेलुगू सिनेमा आणि बंजाऱ्यांची गोरमाटी गाणी चालतात. तेलंगणाने मे २०१८ मध्ये शेतकऱ्यांना हंगामाला एकरी ४००० रुपये द्यायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी धर्माबाद तालुक्यातल्या काही गावांनी 'आम्हाला तेलंगणात घ्या' म्हटलं. पलीकडच्या सोयऱ्यांशी बोलणं आणि पलीकडचं चॅनल, यांपैकी कशाने ठिणगी पडली हे शोधण्यासारखं आहे. नांदेडात तर सचखंड हुजूर साहिबचं कीर्तन मोबाईलवर पंजाब-कॅनडात ऐकलं जातं, आणि त्याच शहरातल्या शेजारच्या गल्लीत त्याची खबर नसते.

अफवेबद्दल एक प्रकरण वाचावंच लागेल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून, भटक्या गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात मेसेज पुढे पाठवायची मर्यादा पाचवर आणली. पिढ्यान्पिढ्या दारोदार फिरून परमुलखाच्या हकीकती गावाला ऐकवणारी ही गोसावी माणसं. त्यांना ओळखणारं, 'अरे, हे दरवर्षी येतात' म्हणणारं कुणी म्हातारं माणूस त्या दिवशी मध्ये का पडलं नाही, की पडूनही कुणी ऐकलं नाही?

शेवटी कामाच्या दोन गोष्टी. ऊसतोडीच्या गावांत, म्हणजे कंधार, मुखेड, जळकोट, अहमदपूरच्या बालाघाटात, दिवाळी ते पाडवा जाऊ नका. अर्धं गाव कारखान्यावर असतं आणि तुम्हाला फक्त म्हातारी माणसं व शाळकरी पोरं भेटतील. जायचंच असेल तर त्याच दिवसांत ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर जा. तिथे रात्री चुलीपाशी बसून गावाकडच्या लेकराशी व्हिडिओ कॉल कसा होतो, मुकादमाच्या फोनवर होतो की स्वतःच्या, हे पाहता येईल. आणि प्रश्नावली गूगल फॉर्मवर पाठवू नका. ती भरून येईल, वेळेवर येईल, पण आजीच्या नावाने नातवाने भरलेली असेल. तुम्ही आजीकडे जाल तेव्हा नातू शेजारी बसेलच. त्याला उठवू नका, त्यालाही दोन प्रश्न विचारा.