टेक्सस वेस्टर्न–केंटकी अंतिम सामना, १९६६

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या इतिहासातील एक युगप्रवर्तक सामना. राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी तो १९ मार्च १९६६ रोजी मेरीलँड राज्यातील कॉलेज पार्क येथे, कोल फील्ड हाउसमध्ये खेळला गेला. टेक्सस वेस्टर्न कॉलेजने केंटकी विद्यापीठावर ७२–६५ असा विजय मिळवला. अंतिम सामन्याची सुरुवात पाचही कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी करणारा हा पहिला संघ होय.

पार्श्वभूमी : प्रशिक्षक अ‍ॅडॉल्फ रप यांच्या केंटकी संघाने तोवर चार वेळा अजिंक्यपद पटकावले होते आणि त्या हंगामात तो अव्वल मानला जात होता. संघातील सर्व खेळाडू गौरवर्णीय होते. केंटकी ज्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये खेळे, तिच्या एकाही बास्केटबॉल संघातून तोवर कृष्णवर्णीय खेळाडू उतरलेला नव्हता. टेक्सस वेस्टर्न हे सीमेवरच्या एल पासो शहरातील, फारसे नाव नसलेले महाविद्यालय. त्याचे प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स कडक शिस्तीचे आणि बचावावर भर देणारे होते. कृष्णवर्णीय खेळाडू चपळ असतात, पण डोके शांत ठेवून शिस्तीने खेळणे त्यांना जमत नाही, असा समज त्या काळी रूढ होता. निदान एक तरी गौरवर्णीय खेळाडू मैदानात हवा, असे अनेक प्रशिक्षक मानत.

सामना : बॉबी जो हिल, ऑर्स्टन आर्टिस, विली वर्स्ली, डेव्हिड लॅटिन आणि हॅरी फ्लोर्नॉय यांनी टेक्सस वेस्टर्नकडून सुरुवात केली. केंटकीच्या वेगाला उत्तर म्हणून हॅस्किन्स यांनी उंचापुऱ्या नेव्हिल शेडऐवजी बुटक्या वर्स्लीला आधी उतरवले होते. फ्लोर्नॉय जायबंदी झाल्यावर विली केजर मैदानात आला. संघातील हे सात कृष्णवर्णीय खेळाडूच सामना खेळले. पूर्वार्धात हिलने केंटकीच्या गार्डच्या हातून चेंडू हिसकावला आणि एकट्याने धावत जाऊन बास्केट केली. केंटकीने चेंडू पुन्हा खेळात आणताच त्याने तो पुन्हा पळवला आणि आणखी दोन गुण मिळवले. मध्यंतराला टेक्सस वेस्टर्न ३४–३१ असा पुढे होता. हिलने सर्वाधिक २० गुण केले, तर केंटकीच्या पॅट राइली आणि लुई डॅम्पियर यांनी प्रत्येकी १९.

केंटकीने मैदानी बास्केट २७ केल्या, टेक्सस वेस्टर्नने २२. फरक पडला तो फ्री थ्रोमध्ये. टेक्सस वेस्टर्नने ३४ पैकी २८ फ्री थ्रो साधले, केंटकीला १३ पैकी ११ मिळाले. हातात चेंडू, समोर रिकामी रेषा आणि सगळ्या प्रेक्षागृहाची नजर, अशा क्षणी डोके शांत ठेवण्याचीच कसोटी लागते.

परिणाम : महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रातील वर्णभेद या एका सामन्याने संपला नाही, पण दक्षिणेकडील विद्यापीठांची दारे त्यानंतर उघडू लागली. व्हँडरबिल्टचा पेरी वॉलेस १९६७ साली साउथईस्टर्न कॉन्फरन्समधील पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू म्हणून मैदानात उतरला. आपण केवळ सर्वोत्तम खेळाडू उतरवले, अशीच हॅस्किन्स यांची भूमिका राहिली. २००६ मध्ये ‘ग्लोरी रोड’ हा चित्रपट या संघावर निघाला. २००७ मध्ये संपूर्ण संघाला नेस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. शिस्तीविषयीचा तो समज किती खोटा होता, हे सांगायला ३४ पैकी २८ हा आकडा पुरेसा आहे.