तालीम आणि विद्यालय : हिंदुस्थानी गायकीच्या शिक्षणाच्या दोन वाटा

हिंदुस्थानी गायकी ही मुखगत विद्या आहे. ग्रंथ आहेत, स्वरलिपी आहे, ध्वनिमुद्रणेही आता हवी तितकी उपलब्ध आहेत. तरीही गवई घडतो तो दुसऱ्या गवयासमोर बसून, यावर जाणकारांचे फारसे दुमत नाही. मात्र कोणी कोणासमोर बसावे, ते कोणी ठरवावे आणि त्याचे मोल काय, या प्रश्नांची उत्तरे गेल्या सव्वाशे वर्षांत पार बदलली. या बदलाचा मोठा भाग मराठी माणसांच्या हातून घडला.

जुन्या पद्धतीत शिक्षणाचा आरंभ गंडाबंधनाने होई. गुरू शिष्याच्या मनगटावर धागा बांधी, गूळ-चणे वाटले जात आणि त्या दिवसापासून शिष्य घराण्याचा होई. त्यानंतर लगेच गाणे सुरू होईलच असे नव्हे. पाणी भरणे, घरकाम, तंबोरे जुळवणे, गुरूचे गाणे दुरून ऐकणे यांत महिनेच्या महिने जात. भीमसेन जोशी १९३३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून निघाले, उत्तर हिंदुस्थानात भटकले आणि अखेर घराजवळच्याच कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे स्थिरावले. तिथेही पहिला काळ सेवेचाच होता. पुढे तालीम सुरू झाली ती तोडी, मुलतानी, पुरिया अशा मोजक्या रागांची, आणि तेच राग वर्षानुवर्षे.

एकाच रागात इतका काळ घालवणे आजच्या विद्यार्थ्याला चमत्कारिक वाटेल. पण तालमीचा हेतू रागांची संख्या वाढवणे हा नव्हताच. पहाटेच्या खर्ज-साधनेने आवाज मुरायचा, पलट्यांनी गळा फिरता व्हायचा आणि एकच ख्याल पुन:पुन्हा म्हणताना बढत कशी करावी, बोल कुठे टाकावेत, समेवर कसे यावे हे अंगात भिनायचे. दरबारीतला कोमल गंधार कागदावर कोमल ग एवढाच लिहिता येतो. त्याचे आंदोलन किती रुंद, किती संथ, हे समोरून ऐकल्याखेरीज कळत नाही. गुरू ते समजावून सांगत नसे. तो गाऊन दाखवी आणि शिष्याचे चुकले की पुन्हा गाई. समजावून न सांगण्याची ही रीत अनेकदा आळसाचीही होती, हे मान्य करायला हवे.

या पद्धतीची दुसरी बाजू बंदिस्तपणाची. चीज म्हणजे घराण्याची मिळकत. ती जावयाला द्यायची की शिष्याला, यावरून घरात कलह होत. ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सू खाँ बंधूंनी बडे महंमद खाँची तानबाजी पडद्याआड बसून उचलल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती खरी असो वा नसो, विद्या कशी राखली जाई याची कल्पना तीतून येते. गुरूची मर्जी फिरली तर तक्रार करायला जागा नव्हती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी हालअपेष्टा सोसून वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ग्वाल्हेरची गायकी मिळवली आणि ती महाराष्ट्रात आणली. त्यांनी मिरजेस ज्यांना शिकवले, त्यांतलाच एक शिष्य पुढे ही चौकट मोडायला निघाला.

विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२-१९३१) हे कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाल्याने शालेय शिक्षण खुंटले व त्यांना गाण्याला घातले गेले. १८९६ मध्ये मिरज सोडून ते हिंडत हिंडत पंजाबात गेले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. एखाद्या संस्थानिकाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर चालणारी ही शाळा होती. वेळापत्रक, छापील पाठ्यपुस्तके, स्वरलिपी, परीक्षा, शिस्त हे सारे तिथे होते. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. तिची इमारत पुढे कर्जापायी गेली, पण तोवर ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर अशी शिष्यांची फळी तयार झाली होती.

गवई म्हणजे व्यसनी, चंचल, घरात न घेण्याजोगा माणूस, ही त्या काळच्या पांढरपेशा समाजाची समजूत. तिच्याशी पलुसकरांचा खरा झगडा होता. भक्तिपर पदे, प्रार्थना, राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावरचे ‘वंदे मातरम्’ यांच्या आधारे त्यांनी गाण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना तंबोऱ्यापाशी बसणे शक्य झाले. ही कामगिरी लहान नाही. परंतु ज्या कलावंत घराण्यांतील स्त्रियांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली होती, त्यांना या नव्या सोवळ्या चौकटीत फारसे स्थान नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर किंवा कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर शाळेत शिकल्या नाहीत. केसरबाईंनी अनेक गुरूंकडे थोडे थोडे शिकून १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांची तालीम घेतली. त्यांच्या भैरवीचे ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांतून अंतराळात गेले.

विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांची वाट निराळी. ते मुंबईतले वकील, मैफलीचे गवई नव्हेत. चिजा लुप्त होत आहेत आणि गवयांना आपण गातो त्याचे शास्त्र सांगता येत नाही, या दोन गोष्टी त्यांना खुपत. देशभर फिरून, उस्तादांची मनधरणी करून त्यांनी शेकडो बंदिशी लिहून घेतल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा ग्रंथ मराठीत लिहिला. क्रमिक पुस्तकांचे सहा भाग वेगळेच. १९१६ ची बडोद्याची संगीत परिषद त्यांच्याच प्रयत्नांचे फळ, आणि १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभे राहिले तेही त्यांच्या योजनेनुसार. त्यांची स्वरलिपी सुटसुटीत असल्याने पलुसकरांच्या स्वरलिपीपेक्षा अधिक रुळली. थाटपद्धतीवर आक्षेप पुष्कळ आहेत व त्यांतले काही रास्त आहेत. तरी आज कोणत्याही घराण्याचा विद्यार्थी भातखंड्यांच्या पुस्तकातून एखादी तरी चीज घेतोच.

गंमत अशी की विद्यालयांनाही तालमीवाचून भागले नाही. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी बडोद्याला फैयाज खाँसाहेबांचा गंडा बांधला होता. ते लखनौच्या विद्यालयाचे प्राचार्य झाल्यावर के. जी. गिंडे बालवयातच त्यांच्या घरी राहायला गेले आणि वर्गापेक्षा घरातच अधिक शिकले. देवधरांच्या मुंबईतील शाळेत कुमार गंधर्वांची जडणघडण झाली तीही वेळापत्रकानुसार नव्हे. शाळेने दार उघडले, आणि आत शिरलेल्यांपैकी ज्याला पुढे जायचे होते तो शेवटी एखाद्या गुरूच्या घरात जाऊन राहिला.

मग इतर हजारोंचे काय? १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षांना बसणाऱ्यांपैकी मैफलीचे गवई फार थोडे होतात. पण गाणे ऐकणारा वर्ग याच वर्गांतून तयार झाला. रागाची ओळख असलेला, ताल हातावर धरणारा श्रोता मिळाल्यामुळेच संस्थाने खालसा झाल्यावर गवई उघड्यावर पडले नाहीत. तिकीट काढून येणारे लोक आणि आकाशवाणी हे त्यांचे नवे आश्रयदाते ठरले. या श्रोत्याच्या घडणीत संगीत नाटकांचाही वाटा आहे. भास्करबुवा बखले यांनी तीन घराण्यांची विद्या घेतली, पुण्यात १९११ मध्ये भारत गायन समाज काढला आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली रागदारीत बांधल्या. ज्याने मैफल कधी पाहिली नव्हती त्याच्या कानावर त्यामुळे भीमपलास, बागेश्री पडले.

परीक्षापद्धतीचे दोषही उघड आहेत. वर्षाला ठरावीक राग पुरे करण्याच्या घाईत स्वरलगावाकडे दुर्लक्ष होते, आलाप-ताना पाठ करून म्हटल्या जातात आणि उपज मरते. दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून ‘या वर्षी परीक्षा देता येईल ना?’ हा पालकांचा पहिला प्रश्न असतो, असे शिक्षक सांगतात. दोन्ही वाटा जोडण्याचे प्रयोगही झाले: कोलकात्यात १९७७ मध्ये स्थापन झालेल्या संगीत रिसर्च अकादमीने शिष्यवृत्ती देऊन विद्यार्थ्यांना गुरूंच्या सहवासात ठेवले, पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने तर ‘गुरुकुल’ हा शब्दच आपल्या नावाला जोडला.

अलीकडे संगणकाच्या पडद्यावरून तालीम देण्याची प्रथा वाढली आहे. करोनाच्या साथीत, २०२० पासून, तिला जोर आला आणि परदेशस्थ मराठी कुटुंबांतील मुलांना ती सोयीचीही आहे. तिची एक अडचण मात्र तांत्रिक असूनही मुळाशी जाणारी आहे. आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो, त्यामुळे गुरू आणि शिष्य एकाच वेळी गाऊ शकत नाहीत. गुरूच्या स्वरात स्वर मिसळून, त्याच्या आवाजाखाली आपला आवाज ठेवून शिकण्याचा जो भाग, तो तेवढा गळतो. म्हणून असे शिकणारे बरेच जण सुटीत महिनाभर पुण्या-मुंबईला येतात आणि सकाळ-संध्याकाळ गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसतात.