ऑक्टोबरची पातळी, मेचा अंदाज

जुन्नरच्या लेण्यांमध्ये इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. खडकात कोरलेल्या टाक्यातलं पाणी वाकून बघितलं की दिसतं. ते उन्हाळ्यापर्यंत पुरेल का, हे त्यावरूनच कळतं. अंदाज बांधायची वेळ आली ती जमिनीखालच्या पाण्यासाठी. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त दकार्गल हा अख्खा अध्याय त्यावर लिहिला. कोणत्या झाडाजवळ, वारुळाच्या कोणत्या बाजूला, किती पुरुष खोल पाणी लागेल, याचे ठोकताळे त्यात आहेत. आपल्या पाणाड्याची परंपरा त्याच जातकुळीची. मात्र लागलेलं पाणी मे महिन्यात किती उरेल, हा त्यांचा प्रश्न नव्हता.

तो प्रश्न शेतकऱ्याचा. जुन्नर-आंबेगावात विहिरीचं पाणी तासांवर सांगतात. दिवाळीत मोटर किती तास चालत होती, संक्रांतीनंतर किती चालते, उपसलेली विहीर रात्रीतून किती भरते, यावरून कांद्याचं क्षेत्र ठरतं आणि ऊस ठेवायचा की मोडायचा तेही ठरतं. मला हे पहिलं खरं मॉडेल वाटतं, कारण त्यात साठा आणि आवक दोन्ही धरलेले आहेत.

युरोप-अमेरिकेत जमिनीखालच्या पाण्याचं गणित मांडलं गेलं. दार्सीचा नियम 1856चा, थाइसचं सूत्र 1935चं. थाइसने पाणी धरणारा थर सगळीकडे सारखा आणि अमर्याद पसरलेला मानला. आपल्या पायाखाली काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, मध्ये मांजऱ्या खडक, कुठे गेरूचा पट्टा. पाणी भेगांमधून वाट काढतं. शिवाय आपली विहीर रुंद, तिच्या पोटातच मोठा साठा. अशा रुंद विहिरींसाठी वेगळं सूत्र यायला 1967 उजाडलं.

महाराष्ट्रात या कामाला संस्थेचा आधार मिळाला तो 1972 साली, दुष्काळाच्या वर्षी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली आणि निरीक्षण विहिरी ठरल्या. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर, असं वर्षातून चार वेळा माणूस विहिरीवर जातो, कठड्यावरून टेप सोडतो, भिजलेल्या खुणेपर्यंतचं अंतर वाचतो, त्यातून कठड्याची उंची वजा करतो आणि जमिनीपासूनची पातळी लिहितो. ऑक्टोबरचा आकडा मागच्या पाच वर्षांच्या ऑक्टोबरच्या सरासरीशी ताडून पाहतात. जिथे पाऊसही कमी आणि पातळीही खाली, ते गाव संभाव्य टंचाईच्या यादीत जातं. पद्धत साधी आहे, पण टँकरचं नियोजन तिच्यावर चालतं, आणि पुढच्या कुठल्याही हुशार मॉडेलने आधी हिला हरवून दाखवावं, असं माझं मत आहे.

पुढची पायरी ताळेबंदाची. भूजल मूल्यांकनाची देशव्यापी पद्धत 1984 साली आली आणि 1997 मध्ये सुधारली. तिच्या मानकांत सच्छिद्र, भेगाळ बेसाल्टमध्ये पावसाचा 13 टक्के भाग मुरतो असं धरतात, झिजलेल्या बेसाल्टमध्ये 7 टक्के. खडकातून मोकळं होणारं पाणी दोन्हींत साधारण 2 टक्के. आता 700 मिलिमीटर पाऊस धरा आणि उपसा, वाहून जाणं बाजूला ठेवा. पहिल्या खडकात पातळी साडेचार मीटर चढेल, दुसऱ्यात अडीच मीटरही नाही. नकाशावर खडकाचा रंग चुकला की अंदाज निम्म्यावर येतो! हा धोका त्या पद्धतीने ओळखला होता. पातळीच्या चढउतारावरून आलेलं पुनर्भरण आणि पावसावरून काढलेलं, यांत 20 टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर पावसाच्या आकड्याच्या 0.8 किंवा 1.2 पटीवर थांबायचं. दोन मॉडेलांची तुलना सरकारी नियमातच बसवलेली होती.

दरम्यान संगणक आला होता. बॉक्स आणि जेन्किन्स यांची कालमालिकेची पद्धत 1970ची. ती पातळीच्या जुन्या आकड्यांवरूनच पुढचा आकडा काढते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचं मॉडफ्लो 1984चं. ते जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येकातल्या येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचं गणित सोडवतं. जुन्या नोंदींचा माग लक्षात ठेवणारं एलएसटीएम हे न्यूरल नेटवर्क 1997चं.

जुन्नर-आंबेगावात या सगळ्यांची परीक्षा पाटाचं पाणी घेतं. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांचं आवर्तन सुटलं की कालव्याखालच्या विहिरी भर उन्हात चढतात, आभाळात ढग नसताना. घाटाकडच्या गावांत धो धो पाऊस पडतो आणि उतारावरून निघून जातो. मेमध्ये तिथेच टंचाई. आण्याच्या पठारावर कालवाच नाही. तीन ठिकाणी पातळीची तीन वेगळी कारणं, आणि फक्त पावसावर शिकवलेलं मॉडेल तिघांना एकाच मापाने मोजतं. कालव्याखालच्या नारायणगावकडे ते ‘एप्रिलमध्ये पातळी चढते’ एवढंच शिकेल, आणि आवर्तन चुकलेल्या वर्षी, जेव्हा त्याची खरी गरज असेल, तेव्हाच तोंडघशी पडेल. मॉडफ्लोमध्ये कालवा घालता येतो, पण त्याला उपसा सांगावा लागतो आणि विहिरीवर पाण्याचा मीटर नसतो. म्हणून कोणतंही मॉडेल तोलायचं तर कोरड्या वर्षांवर तोलावं. ती वर्षं शिकवताना लपवून ठेवावीत.

आवर्तनाच्या तारखा जलसंपदा विभागाकडे असतात, पातळी भूजल यंत्रणेकडे. पिकाखालचं क्षेत्र 2021पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवरून नोंदवतात आणि त्यावरून उपशाचा अंदाज निघतो. या तीन वह्या गावागणिक एकत्र लावल्याशिवाय मॉडफ्लो आणि एलएसटीएम यांची इथली तुलना अर्धवटच राहील.